सतरंजीसकट गोधडी

मी आयुष्यात एकच मोठी गोधडी शिवली. ती उचलायला चार माणसं लागतात.

हे मी बढाई म्हणून सांगत नाही. (पहिले काही दिवस बढाई म्हणूनच सांगत होतो. मग लोक घरी येऊन बघायला लागले, तेव्हा थांबलो.)

सगळ्याचं मूळ आमच्या विमलच्या संदुकीत आहे. विमल म्हणजे माझी बायको. माहेराहून आलेली तिची एक हिरवी पत्र्याची संदूक आहे आणि त्या संदुकीत चार गोधड्या होत्या. चारही अर्धवट! एकीची एक बाजू राहिलेली, दुसरीचा मधला भाग राहिलेला, तिसरीला नुसती किनार लावायची बाकी, आणि चौथी, सगळ्यांत मोठी, नुसती कच्च्या दोऱ्यानं टाचून घडी घालून ठेवलेली. मी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली. अर्धवट गृहपाठ दिसला की माझा हात आपोआप कानाकडे जातो (पोराच्या). बायकोचा कान धरता येत नाही म्हणून मी टोमणे मारायचो.

"विमल, अगं, सरकारी पुलाचं कामसुद्धा कधीतरी संपतं."

"मग जाऊन पुलावर बसा," ती म्हणायची आणि संदुकीला कुलूप लावायची.

गेल्या पावसाळ्यात आमच्या प्रज्ञाचं दुसरं बाळंतपण आलं. प्रज्ञा म्हणजे आमची लेक, दिली आहे जिंतूरला. पहिल्या वेळी ती इकडे पिंगळीला आली होती. या वेळी थोरल्याची शाळा बुडायला नको म्हणून विमलच तिकडे जायला निघाली, दोन महिन्यांसाठी. जाताना तिनं मला भाजीचा मसाला कुठे, औषधाच्या गोळ्या कुठे, सगळं दाखवलं आणि शेवटी एसटीच्या थांब्यावर संदुकीची किल्ली हातात ठेवली.

"लय टोचून बोलता न्हवं? घ्या. त्या तीन लहान गोधड्या करा पुऱ्या, बघू. पर मोठीला हात लावायचा न्हाई. ती माझ्या आईच्या लुगड्यांची हाय, तिनंच टाचलेली. ती मी शिवनार."

"कधी?"

"मला वाटंल तवा."

विमलची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं तिला वाटलं नव्हतं. मी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात एसटी आली.

आता एक शहाणा माणूस घरी येऊन झोपला असता. मी रविवारी विहारात गेलो आणि वंदना झाल्यावर उभं राहून जाहीर केलं, "दोन महिन्यांत चार गोधड्या पूर्ण करण्याचा मी संकल्प करत आहे!" तीन म्हणायला काय झालं होतं? पण भाषणात चार हा आकडा भरदार वाटतो. पुरुष मोठ्यानं हसले. त्याचं काही नाही, हसतील त्यांचे दात दिसतील. बायका मात्र हसल्या नाहीत. त्यांनी नुसतं एकमेकींकडे बघितलं. ते जास्त लागलं.

आमच्या शेजारी गयाअक्का राहतात. सत्तरीच्या पुढच्या. पिंगळीत ज्या घरात गोधडी आहे त्या घरात गयाअक्कांचा टाका आहे, असं म्हणतात. त्या दुसऱ्याच दिवशी अंगणाच्या भिंतीवरून डोकावल्या.

"गुरुजी, शिवायलात म्हनं?"

"होय अक्का. वेळापत्रक केलंय." मी भिंतीवरचा तक्ता दाखवला. सकाळी आठ ते दहा शिवण, दहा ते सव्वादहा चहा, सव्वादहा ते बारा शिवण. खाली लाल शाईत, 'आळस हा शत्रू.'

"बरं हाय. पर एक सांगते, डावा हात कायम गोधडीच्या खाली ठिवायचा. सुई खाली बोटाला लागली पायजे, मग वर घ्यायची. बोटाला टोचलं न्हाई तर ती गोधडी कसली?"

"अक्का, टोचून घ्यायचंच असतं तर दवाखान्यात गेलो असतो. मी माझी पद्धत काढलीय."

"काढा बापा," अक्का म्हणाल्या. "अतिशहान्याचा बैल रिकामा."

आणि सांगायला आनंद वाटतो की माझी पद्धत चालली! पहिल्या तिन्ही गोधड्या मी बाजेवर बसून, मांडीवर घेऊन पुऱ्या केल्या. मांडीवर शिवताना फार तर आपली लुंगी शिवली जाते. ती मी दोनदा शिवली, पण ते काही मोजण्यासारखं नाही. वीस-बावीस दिवसांत तिन्ही संपल्या. टाके जरा लांडेतोकडे होते, पण होते. तक्त्यावर मी स्वतःला तीन वेळा 'उत्तम' असा शेरा दिला.

आणि त्याच आठवड्यात विमलचा फोन आला. प्रज्ञाला मुलगी झाली होती! बाळ, बाळंतीण सुखरूप. मी इतका खूश झालो की अक्कांना भिंतीवरून साखर दिली. मग विमल म्हणाली, "पुढल्या महिन्यात नामकरन हाय. प्रज्ञा म्हनायली, बाळाला त्या दिवशी पनजीच्या गोधडीवर निजवायचं." आणि थांबली.

"मग?"

"मग काय. कुठं झाली ती पुरी? आता हितून निघता येईना अन् तिकडं आल्याशिवाय व्हईना. अकरा वर्षांत माझ्यानं झालं न्हाई, आता महिना-सव्वा महिन्यात काय व्हनार? जाऊ द्या, दुसरी कोनती तरी टाकू."

तिचा आवाज बसला होता. विमलचा आवाज असा कधी बसत नाही. ती भांडताना आवाज चढवते आणि बाकी वेळी हसते. मी फोन ठेवला आणि संदुकीसमोर जाऊन उभा राहिलो. हात लावायचा नाही असं तिनं बजावलं होतं. पण तिचं मन राखायचं की तिचा शब्द राखायचा? मी मन राखायचं ठरवलं. (माझ्या मनात थोडा तो चौथा 'उत्तम'सुद्धा होता. खोटं कशाला बोलू?)

मोठी गोधडी बाहेर काढली. वरच्या अंगाला सासूबाईंचं हिरवं लुगडं, मध्ये अंजिरी, कडेला एक जुनं पांढरं पातळ. खरंच छान टाचून ठेवली होती. पण मांडीवर मावेना, बाजेवर मावेना. जमिनीवर पसरावी तर फरशी गार, आणि माझे गुडघे आधीच निवृत्त झालेले. तेव्हा माझं लक्ष कोपऱ्यातल्या सतरंजीकडे गेलं.

या सतरंजीची ओळख करून देणं भाग आहे. ती विहाराची. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्याकडे घरोघरी ग्रंथवाचन चालतं. आमच्या घरची पाळी झाली तेव्हा सतरंजी आली, ती राहिली. लाल-निळ्या पट्ट्यांची, जाडजूड, वीस माणसं बसतील एवढी. विहाराचा सचिव मीच. लोक सतरंज्या नेतात आणि महिना महिना आणून देत नाहीत, म्हणून नियम करणाराही मीच. इतकंच नाही, तर प्रत्येक सतरंजीवर मधोमध पांढऱ्या रंगात, माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे : 'विहाराची मालमत्ता. तीन दिवसांत परत करावी.' गेल्या साली आमच्या अध्यक्षांनी, बळीरामदादांनी, सतरंजी चौथ्या दिवशी आणून दिली म्हणून मी त्यांना भर बैठकीत उभं केलं होतं. सत्तर वर्षांचा माणूस उभा राहिला बिचारा.

आणि माझ्याकडे ती सतरंजी पडून दीड महिना झाला होता.

ती अक्षरं डोळ्यांसमोर नकोत, म्हणून मी सतरंजी उलटी अंथरली. एक टोक दिवाणाच्या पायांखाली घातलं, म्हणजे सरकणार नाही. वर गोधडी पसरली आणि कामाला लागलो. गोधडी कडेकडेनं शिवत आत आत यायची असते. उठबस नको म्हणून मी मधोमध बसून गोल फिरत शिवायला लागलो, जात्याच्या खुंट्यासारखा.

पहिल्याच दिवशी जाणवलं, ही गोधडी घट्ट आहे. सुई आत जाईना. गेली तर बाहेर येईना. मी म्हटलं, जुनं लुगडं, जुन्या काळचं सूत, त्यात कस असणारच! सुई खाली टक्क करून फरशीला लागायची, मग मी ती तिरपी करून वर काढायचो. दोन सुया मोडल्या. मग परभणीला जाऊन मोठी दाभण आणली, चामड्याचं अंगुस्तान आणलं, दोरा दुहेरी केला, त्याला मेण लावलं. आता कुठे काम मजबूत व्हायला लागलं.

"गुरुजी, हात खालून घालायलात न्हवं?" अक्का भिंतीवरून.

"अक्का, टाका बघा!" मी बसल्या जागेवरून. आणि खरंच, टाका बघण्यासारखा होता. बारीक, सरळ, एका ओळीत. या वेळी कुठेही सुरकुती नाही, कुठे कापड गोळा होत नाही. गोधडी कशी सतरंजीसारखी सपाट! हा शब्द मी स्वतः अक्कांना वापरला. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

रोज विमलचा फोन यायचा. "काय करायलात?" मी म्हणायचो, "काही नाही, बसलोय." हे अक्षरशः खरं होतं.

नामकरण रविवारी होतं. शनिवारी दुपारी चार वाजता मी अगदी मधोमध येऊन शेवटचा टाका घातला, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. चाळीस दिवसांचं काम! मला भरून आलं. डोळ्यांसमोर विमलचा चेहरा दिसला. मी मोठ्यानं हाक मारली, "अक्काऽ, या, झाली!" आणि उठायला गेलो.

उठता येईना.

आधी वाटलं, पायाला मुंग्या आल्या. पुन्हा जोर केला. माझ्याबरोबर गोधडी उठली. आणखी जोर केला. गोधडीबरोबर खोलीभर पसरलेली सतरंजी उठली आणि दिवाण कुरकुरला! मी पुन्हा खाली बसलो. बसलो कसला, आपटलो.

गयाअक्का दारात उभ्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शांतपणे वाकून गोधडीचा कोपरा उचलला. कोपऱ्याबरोबर सतरंजीचा कोपरा आला. त्यांनी दुसरा कोपरा उचलला. तिथंही तेच. मग त्या माझ्या मागं आल्या आणि वाकून बघितलं.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "लुंगीबी शिवली की ओ."

आणि तिथंच खाली बसल्या. सत्तरी ओलांडलेली ती बाई पदर तोंडात कोंबून अशी हसायला लागली की मला त्यांच्याच तब्येतीची काळजी वाटायला लागली.

"अगं माय माय माय! सम्दी सतरंजी! चाळीस दिस! हात खालून घाला, हात खालून घाला, सांगून माजं तोंड दुखलं!"

"अक्का, हसू नका. कात्री आणा."

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. खिडकीतून बघितलं तर बळीरामदादा, आणि गाडी चालवणारा आमचा टेम्पोवाला मिलिंद. दादा बाहेरूनच बोलत येत होते, "गुरुजी हायत का घरी? उद्या विहारात पाव्हने येयलेत, ती सतरंजी न्यायला आलाव!"

लपायला जागा नव्हती. उठता तर येत नव्हतंच. मी अक्कांकडे हात जोडून बघितलं. अक्का दहा वर्षांनी तरुण होऊन उठल्या आणि दाराशी जाऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "हळू. गुरुजी ध्यानाला बसलेत."

मी झटकन डोळे मिटले. पाठ ताठ केली. गोधडीच्या मधोमध, लुंगीसकट शिवलेला, मी ध्यानस्थ झालो.

मला वाटलं होतं, हे ऐकून दोघं परत जातील. पण बळीरामदादा भाविक माणूस. ते चपला काढून आत आले आणि माझ्या समोर, सतरंजीच्या कडेला, मांडी घालून बसले. मिलिंदही बसला. दोघांनी डोळे मिटले. (मी एक डोळा किलकिला करून बघितलं.) पाच मिनिटं झाली. दहा झाली. माझ्या नाकावर माशी बसली. मी ती शांतपणे सहन केली. आयुष्यात इतकं खोल ध्यान मला कधी लागलं नव्हतं! खोलीत फक्त दादांचा श्वास, आणि दाराच्या आड अक्कांचे हुंदके, म्हणजे हसण्याचे.

"गुरुजी किती येळ बसतेत वो?" मिलिंदनं शेवटी हळूच विचारलं.

"सांगता येत न्हाई," दाराआडून अक्का म्हणाल्या. "उठवल्याबिगर उठत न्हाईत."

दादांनी डोळे उघडले. हात लांब करून माझ्या खालची गोधडी चाचपली, मग सतरंजी चाचपली, मग दोन्ही मिळून एकदम ओढून बघितली. "गुरुजी," ते म्हणाले, "हे एकच हाय का?"

आता लपवून उपयोग नव्हता. मी डोळे उघडले आणि सगळं सांगितलं. विमलची आई, लुगडी, नामकरण, चाळीस दिवस. मिलिंद जागच्या जागी लोळायला लागला. दादा मात्र हसले नाहीत. ते सावकाश उभे राहिले, कमरेवर हात ठेवले आणि अत्यंत समाधानानं म्हणाले, "सचिव साहेब, नियम क्रमांक चार काय म्हनतो?"

"दादा, जाऊ द्या ना."

"नियम क्रमांक चार."

"विहाराच्या वस्तूचं नुकसान झाल्यास," मी बसल्या जागी म्हणालो, "संबंधितानं तशीच नवी वस्तू स्वहस्ते सादर करावी." 'स्वहस्ते' हा शब्द मीच आग्रहानं घातला होता, लोकांना जबाबदारीची जाणीव व्हावी म्हणून.

"उबं राहून सांगा."

"उभं राहता येत नाही, दादा!"

मग मात्र दादा असे हसले की त्यांना भिंत धरावी लागली. वर्षाचं सगळं येणं त्यांनी त्या एका हसण्यात वसूल केलं. पण माणूस मोठ्या मनाचा. डोळे पुसून म्हणाले, "सतरंजीचं सोडा. आमी उद्या फरशीवर बसू. तथागत काय सतरंजीवर बसले व्हते? झाडाखालीच बसले. नातीचं काम आधी. मिलिंद, सकाळी टेम्पो काढ. हे जसंच्या तसं जिंतूरला न्यायचं."

अक्कांनी कात्री आणली आणि मला कापून मोकळा केला. माझ्या निळ्या चौकटीच्या लुंगीचा तळहाताएवढा तुकडा गोधडीच्या मधोमध राहिला. मी उठलो आणि भिंतीला पाठ लावून दुसऱ्या खोलीत गेलो, कारण मागून मी सार्वजनिक स्वरूपात राहिलो नव्हतो.

सकाळी चौघांनी मिळून ती वळकटी टेम्पोत टाकली. दादा, मिलिंद, मी आणि गयाअक्का. अक्कांनी उचलण्यापेक्षा हसण्याचंच काम जास्त केलं, आणि मग हे बघायचंच म्हणून त्याही टेम्पोत बसल्या. परभणी ओलांडून जिंतूरच्या रस्त्याला लागलो तशी मी वळकटी घट्ट धरून बसलो. लोक हसतील त्याचं काही वाटत नव्हतं, हसण्याची आता सवय झाली होती. मला भीती वाटत होती ती विमलची. तिनं एकच गोष्ट मागितली होती, हात लावू नका. तिच्या आईची लुगडी मी दाभणीनं सतरंजीला खिळवून टाकली होती. ती रडली तर मी काय करणार होतो?

प्रज्ञाच्या अंगणात मांडव घातला होता. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका बसल्या होत्या. आम्ही वळकटी आणून मध्ये सोडली आणि ती उलगडली. हिरवं लुगडं, अंजिरी लुगडं, आणि चहूबाजूंनी हात हात लाल-निळे पट्टे!

"अगं बाई, झालर लय मोठी लावलीय की!" प्रज्ञाच्या सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

विमल घरातून बाळ घेऊन आली. तिनं आधी मला बघितलं, मग गोधडी बघितली आणि तिथंच थांबली. तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. बाळ प्रज्ञाकडे देऊन ती खाली बसली आणि हिरव्या लुगड्यावरून हात फिरवायला लागली, टाक्या टाक्यावरून.

"तुमी शिवली?"

"हो."

"टाके चांगले पडलेत," ती म्हणाली. पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्या हस्तकौशल्याची ही पहिली स्तुती! मी तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण विमल गोधडीवालीची लेक. तिनं सवयीनं डावा हात गोधडीखाली घातला. हात जाईना. तिनं भुवया आवळल्या आणि एक कड धरून सगळं उलटं केलं.

भर मांडवात, चार गावच्या पाहुण्यांसमोर, माझं सुवाच्य अक्षर झळकलं. नेमकं बाळाला निजवायच्या जागेखाली : 'तीन दिवसांत परत करावी.'

मग प्रज्ञाचा थोरला, दुसरीत शिकणारा, मोठ्यानं वाचून म्हणाला, "आजोबा, छकुलीला कुठं परत करायचं?"

मांडव फुटला! विधी करायला आलेले बौद्धाचार्य हसले, पाहुणे हसले, गयाअक्का तर आदल्या दिवशीपासून थांबल्याच नव्हत्या. मी फक्त विमलकडे बघत होतो. तिचे खांदे हलत होते. ती तोंडावर पदर घेऊन हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"चुकलं माझं," मी तिच्याजवळ बसून म्हणालो. "तू नको म्हणाली होतीस."

"मी कामून शिवत न्हवते म्हाईत हाय का तुमाला?" ती डोळे पुसत हळू बोलली. "गोधडी पुरी झाली की अंगावर घ्यायची, धुवायची, वापरायची. मग आईचा वास जायचा. अर्धी हाय तवर आईचं काम चालू हाय, असं वाटायचं. संदूक उघडली की नुसता वास घेऊन लावून टाकायचे."

मला अकरा वर्षांत हे कळलं नव्हतं. मी तिला आळशी म्हणत होतो. भिंतीवर तक्ता लावून आळसाला शत्रू म्हणणारा मी! मला खरंच लाज वाटली, आणि ती मी तिला तिथंच बोलूनही दाखवली.

"ऱ्हाऊ द्या आता," विमल म्हणाली. "पर एक बरं झालं. ही काय पुरी झाली न्हाई. सम्दी उसवायची, सतरंजी काढायची, अन् मग मी नव्यानं शिवनार. लय दिस पुरंल." तिचा आवाज एकदम मोकळा झाला होता. मग तिचं बोट मधोमध, त्या निळ्या चौकटीच्या तुकड्यावर थांबलं. "ही तुमची लुंगी न्हवं का?"

"ती पण उसवतो."

"न्हाई. तेवढी ऱ्हाऊ द्या. आईच्या मांडीवर जावई."

आमच्या नातीला त्या गोधडीवर निजवलं, सतरंजीसकट. तिचं नाव ठेवलं करुणा. ती सगळा वेळ झोपून होती. घरात एवढी एकच व्यक्ती माझ्या शिवणकामावर कधी हसलेली नाही.

ती गोधडी आता पिंगळीला परत आली आहे. भिंतीवरचा जुना तक्ता विमलनं काढून टाकला आणि नवा संकल्प स्वतःच्या हातानं लिहिला. रोज संध्याकाळी एक ओळ मी उसवायची, एक ओळ तिनं शिवायची. मेण लावलेला दुहेरी दोरा असा बसला आहे की एक ओळ उसवायला मला दोन दिवस लागतात. विमलची काही तक्रार नाही. ती लुगड्यांवर हात ठेवून आईच्या गोष्टी सांगत बसते, आणि मी त्या पहिल्यांदाच ऐकतो आहे.

नियम क्रमांक चारही सुटलेला नाही. 'स्वहस्ते' म्हणजे स्वतःच्या हातानं शिवून, असा अर्थ दादांनी लावला आहे. विहारासाठी वीस माणसं बसतील एवढी मोठी, जाड बैठकीची गोधडी मी स्वहस्ते शिवून द्यायची आहे. घरोघरीच्या बायकांनी जुनी लुगडी, पातळं आणून दिली आहेत. ती टाचून झाली आहे. म्हणजे हिशेब असा, की पूर्वी संदुकीत विमलच्या चार अर्धवट गोधड्या होत्या. आता दोन आहेत आणि दोन्ही अर्धवट राहिल्यात माझ्यामुळे. "सरकारी पुलाचं काम कुठवर आलं?" विमल येता-जाता विचारते.

मात्र या वेळी मी कसलीही जोखीम घेतलेली नाही. खाली सतरंजी नाही, चटई नाही, काही नाही. थेट फरशीवर बसतो. फरशीतून काही सुई जात नाही. तरी गयाअक्का रोज संध्याकाळी येतात, न बोलता एक कोपरा उचलून खाली बघतात आणि विमलला सांगतात, "आज तरी फरशी सुटी हाय. उद्याचं सांगता येत न्हाई."